फिर्यादीचे गणित

फुटबॉलच्या साखळी स्पर्धेचे अखेरचे पंधरा-वीस दिवस उरले, की चाहत्यांच्या मंडळीत दोनच विषय शिल्लक राहतात: आपला संघ प्लेऑफमध्ये पोहोचणार की नाही, आणि न पोहोचल्यास त्याचा दोष पंचांकडे कितपत जातो. पहिल्या प्रश्नाचा खल करताना जो मनुष्य गुण, गोलफरक आणि उरलेले सामने यांचा हिशेब एखाद्या फडणिसाच्या काटेकोरपणाने मांडतो, तोच दुसऱ्या प्रश्नाकडे वळताच फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकटाच पत्करतो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकाच मुळातून फुटलेले आहेत, आणि ते मूळ म्हणजे यदृच्छा. पहिल्या प्रश्नात ती निव्वळ अंकांच्या रूपाने वावरते, दुसऱ्यात तिला चेहरा असतो आणि हातात शिट्टी असते.

आधी अंकांकडे पाहू. इंडियन सुपर लीगच्या 2022-23 च्या हंगामात 11 संघ होते आणि प्रत्येकाला 20 साखळी सामने खेळावयाचे होते. पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी, तर तिसऱ्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंतच्या चौघांना एकेका सामन्याची बाद फेरी, अशी व्यवस्था होती. अशा स्पर्धेत समजा पंधरा सामने उरले आहेत. प्रत्येकाचे विजय, बरोबरी आणि पराभव असे तीन निकाल संभवतात. म्हणजे स्पर्धा संपण्याच्या वाटा होतात 1,43,48,907. या सर्व वाटा एकेक करून तपासण्यापेक्षा संगणकाकडून उरलेली स्पर्धा यदृच्छेने दहा-वीस हजार वेळा खेळवून घ्यावी आणि आपला संघ त्यांपैकी किती वेळा वरच्या सहांत येतो ते मोजावे, हा मार्ग सोयीचा ठरतो. स्टानिस्लाव उलाम या गणितज्ञाला ही युक्ती 1946 साली आजारातून उठल्यावर एकट्याने पत्ते खेळताना सुचली, आणि अण्वस्त्रांच्या संशोधनासाठी वापरात आलेली ही ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत आज प्लेऑफची शक्यता शेकड्यात सांगण्याच्या कामी येते.

परंतु ‘गणिताच्या दृष्टीने अजून आशा आहे’ हे जे वाक्य चाहते सहज बोलून जातात, त्याची रुजवात घालणे वाटते तितके सोपे नाही. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण अशी जुनी पद्धत होती तेव्हा प्रत्येक सामन्यातून एकूण दोनच गुण वाटले जात; त्यामुळे एखाद्या संघाची आशा संपली की नाही हे नळांच्या जाळ्यातून किती पाणी वाहू शकेल या जातीच्या गणिताने झटपट ठरवता येई. बेसबॉलसाठी ही रीत 1966 मध्येच मांडली गेली होती. पुढे आक्रमक खेळाला उत्तेजन मिळावे म्हणून इंग्लंडने 1981 मध्ये विजयाला तीन गुण देण्यास प्रारंभ केला आणि 1994 च्या विश्वचषकातही तोच नियम आला. आता सामना निकाली झाला तर तीन गुण वाटले जातात, बरोबरीत सुटला तर दोनच. आणि एवढ्याशा फरकाने प्रश्नाची जातच बदलली. स्पर्धेतील संघ वाढत गेले तर हा निवाडा करण्याची कोणतीही झटपट रीत आजमितीस ज्ञात नाही, ज्यांची अशी रीत सापडलेली नाही अशा कुप्रसिद्ध कूटप्रश्नांच्याच पंक्तीला तो जाऊन बसतो, असे 1999 मध्ये जर्मनीतील संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केले. अकरा संघांच्या स्पर्धेत संगणक हे काम निभावून नेतो. पण तोंडी हिशेब करणाऱ्या चाहत्याची तारांबळ उडाली तर त्याला हसण्याचे कारण नाही.

यापुढचा प्रश्न असा, की एका सामन्याच्या निकालात गुणवत्तेचा वाटा किती आणि नशिबाचा किती? विरळा घडणाऱ्या घटनांची मोजदाद करण्यासाठी पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र आहे, आणि फुटबॉलमधील गोलांना ते बऱ्यापैकी लागू पडते. समजा सरस संघ सामन्यामागे सरासरी 1.6 गोल करतो आणि त्याचा प्रतिस्पर्धी 1.1. हा फरक किरकोळ नव्हे. तरी या सूत्रानुसार सरस संघ शंभरांतून सुमारे 49 सामने जिंकतो, 25 बरोबरीत सोडवतो आणि तब्बल 26 हरतो. गोल मुळातच थोडे असल्यामुळे एखादा चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर पारडे फिरते. वर उल्लेखिलेल्या हंगामात मुंबई सिटी संघ गुणतक्त्यात अव्वल राहिला, पण उपांत्य फेरीत बंगळुरू संघाशी दोन सामन्यांची बेरीज समसमान झाल्यावर पेनल्टींच्या मालिकेत 9-8 असा बाहेर पडला.

पंचाच्या एका निर्णयाला एवढे मोल का येते, हेही याच गणितात दिसते. पेनल्टी किकचे साधारणपणे चारांतून तीन वेळा गोलात रूपांतर होते. म्हणजे दीड गोल सरासरी असलेल्या संघाला एक शिट्टी अर्ध्या सामन्याची कमाई देऊन जाते किंवा नाकारते. तेव्हा पंचाच्या निर्णयावरून चाहता चवताळून उठतो, यात त्याचा हिशेब चुकत नाही. चुकते ती त्याची साक्ष.

या साक्षीची परीक्षा एका प्रसिद्ध प्रयोगात झाली आहे. नोव्हेंबर 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन विद्यापीठांत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक फुटले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला, आणि दोन्हीकडील वृत्तपत्रांतून आरोपांची झोड उठली. ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच चित्रफीत दाखवून नियमभंग मोजण्यास सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे सरासरी 9.8 नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे दिसले अवघे 4.3. खोटे कोणीच बोलत नव्हते. 1954 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या दोघांनी असा निष्कर्ष काढला, की प्रेक्षकाच्या मनाबाहेर एकच एक सामना अस्तित्वात असतो आणि निरनिराळे लोक तो पाहतात, ही समजूतच चुकीची आहे.

पंचाचे डोळेही याच मातीचे. ऑफसाइडचा निर्णय देणाऱ्या साहाय्यक पंचाला चेंडू लाथाडला गेला तो क्षण आणि आघाडीच्या खेळाडूचे स्थान ही एकमेकांपासून दूर असलेली दोन दृश्ये एकाच वेळी टिपावी लागतात. आघाडीचा खेळाडू गोलच्या दिशेने आणि बचावपटू उलट दिशेने, प्रत्येकी सेकंदाला सात मीटर वेगाने धावत असतील, तर दृष्टी एका जागेवरून दुसरीकडे वळण्यात सेकंदाचा दहावा भाग जरी गेला तरी त्या दोघांतील अंतर 1.4 मीटरने बदललेले असते. ही चूक कोणाचा पक्ष घेत नाही. प्रेक्षकांच्या गर्जनेमुळे होणारी चूक मात्र घेते. लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातील 47 झटापटी चाळीस अर्हताप्राप्त पंचांना दाखवण्यात आल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना निःशब्द. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. पुढे 2020 मध्ये महासाथीच्या काळात युरोपात रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघांच्या वाट्याला अधिक पिवळी कार्डे येण्याची जुनी रीत बरीचशी ओसरल्याचे आढळले.

म्हणजे पक्षपात असतो. पण तो प्रायः ज्याचे घर त्याच्या बाजूचा असतो, आणि घरच्या मैदानावर ओरडून तो निर्माण करणारा चाहता तो कधीच जमेस धरत नाही. त्याच्या वहीत खर्चाची बाजू भरगच्च आणि जमेची कोरी राहते. न दिला गेलेला फाउल तिथे नोंदला जात नाही, कारण ज्याच्या बाजूने तो सुटला त्याला तो दिसलेलाच नसतो.

3 मार्च 2023 रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरव मैदानावर बाद फेरीच्या सामन्यात जे घडले त्याला हा हिशेब लावून पाहण्याजोगा आहे. बंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्स यांचा सामना गोलशून्य राहून जादा वेळात गेला होता. 96व्या मिनिटाला सुनील छेत्रीने केरळच्या खेळाडूंची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक घेऊन गोल केला आणि पंचाने तो ग्राह्य धरला. शिट्टीची वाट न पाहता फ्री किक झटपट घेण्याची मुभा नियमांत आहे. पंचाने खेळ थोपवून धरला असेल तर मात्र शिट्टी व्हावी लागते, आणि वाद नेमका तिथेच होता. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय स्पर्धेत नव्हती. केरळच्या प्रशिक्षकांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले. सामना बंगळुरूला बहाल झाला, आणि पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळला चार कोटी रुपये दंड ठोठावला.

दोन्ही संघ तुल्यबळ आणि नव्वद मिनिटांमागे प्रत्येकाचे सरासरी गोल 1.3 असे धरले, तर गोलाआधी केरळची आगेकूच करण्याची शक्यता निम्मी होती. गोलानंतर 24 मिनिटे उरली होती. तेवढ्या अवधीत निदान एक गोल करण्याची शक्यता दहांत तीन, आणि बरोबरीनंतरच्या पेनल्टींचा विचार करूनही सामना आपल्याकडे खेचण्याची शक्यता सुमारे आठांत एक. केरळच्या चाहत्याने आठांतले तीन हिस्से पंचाच्या निर्णयाने गेले म्हटले, तर निर्णय योग्य असो वा अयोग्य, त्याच्या किमतीविषयी गणित त्याला दुजोरा देईल. राहिलेला एक हिस्सा मात्र पंचाने घेतला नव्हता; तो फिर्यादीच्या आवेशात संघाने स्वतःच सोडून दिला, आणि त्याची दाद मागण्यासाठी कोणतीही कचेरी उरली नाही.