अनुभव धरला जाणार नाही

कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस वर्गातही शिकवू शकतो, असा शोध विद्यापीठ अनुदान आयोगाला २०२२ साली लागला. पदाचं नाव ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’. पंधरा वर्षांचा अनुभव हवा. पदव्यांची अट नाही, शोधनिबंधांची नाही. मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी माणसं नेमता येतात आणि फार तर चार वर्षं ठेवता येतात. परवा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात अशाच एका पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. गृहस्थ चांगले आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण प्रास्ताविकात कुणीतरी ठोकून दिलं की, या भागात उद्योगातला माणूस प्रथमच फळ्यासमोर उभा राहतो आहे. माझ्या एका बाजूला सूतगिरणीतून आलेले माजी प्राध्यापक बसले होते, दुसऱ्या बाजूला वणीच्या कोळसा खाणीतून आलेले. आम्ही तिघांनीही टाळ्या वाजवल्या. काय करणार!

म्हणून हा मागोवा. माझा विषय औद्योगिक व्यवस्थापन. इंजिनिअर मंडळी त्याला ‘थिअरीचा पेपर’ म्हणून नाक मुरडतात आणि एमबीएवाले ‘वर्कशॉपचा विषय’ म्हणून.

गिरणीतली वर्षं झटपट उरकतो, कारण त्यातला बराचसा काळ तक्ते भरण्यात गेला. नागपूरहून मेकॅनिकल झालो आणि एका कापड गिरणीच्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग खात्यात चिकटलो. हातात क्लिपबोर्ड आणि स्टॉपवॉच. त्या घड्याळात मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग असत. रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडायला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यात उकाड्याची आणि थकव्याची सूट धरायची, मग एका कामगाराने किती चात्या सांभाळायच्या ते ठरवायचं. एक जुना जॉबर मला म्हणाला होता, ‘‘साहेब, घड्याळ पाहून माणूस मुद्दाम हळू होते, हे तुमच्या पुस्तकात लिहेल आहे का?’’ लिहिलेलं होतं. कामाच्या वेगाला गुण देण्याची पद्धत त्यासाठीच निघाली. पुढे माझा पहिला तास मी कायम या प्रश्नाने सुरू केला.

गिरण्यांचं पुढे काय झालं ते विदर्भाला सांगायला नको. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ मध्ये सरकारकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धागा ही कारणं खरीच आहेत. पण काम कसं लावायचं याचा विचार मालकांनी कधी गांभीर्याने केला नाही, हेही कारण आहे आणि ते कुठल्या अहवालात ठळक अक्षरांत आलेलं मी तरी पाहिलं नाही.

इकडे १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं आणि पुसद, शेगाव, बडनेरा इथे कॉलेजं उभी राहिली. पुसदच्या कॉलेजला बाबासाहेब नाईकांचं नाव मिळालं. इमारती झाल्या, प्राध्यापक कुठून आणायचे? मग गिरणीतून बाहेर पडलेले, वीज मंडळातून निवृत्त झालेले, खाणीत तब्येत बिघडलेले, असे सगळे गोळा झाले. आमच्यावर कुणी उपकार केले नव्हते. गरज दोन्हीकडून होती. कॉलेज म्हणजे साखर कारखान्याचा धाकटा भाऊ, असं तेव्हा कुचेष्टेने म्हणत. देणग्यांचे व्यवहार पाहता ते अगदीच खोटं नव्हतं. १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही.

पण मला थांबायचं आहे ते १९९६ ते २००६ या दहा वर्षांपाशी. १९९६ साली यवतमाळात दोन गोष्टी झाल्या. जवाहरलाल दर्डांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं आणि रेमंडची डेनिम गिरणी लोहारा एमआयडीसीत उभी राहिली. कॉलेजात वस्त्रोद्योगाची शाखा, शहराच्या कडेला जीन्सचं कापड विणणारी गिरणी आणि भोवती सगळा कापसाचा मुलूख. असा योग महाराष्ट्रात फार ठिकाणी जुळून आला नाही.

डेनिमच्या रंगाईत पाहण्यासारखी एक गोष्ट असते. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून रसायन घालून ती विरघळणारी करतात आणि तेव्हा तिचा रंग जातो. कुंडातून बाहेर येणारं सूत पिवळट हिरवं दिसतं. वरच्या रोलरांवरून जाताना त्याला हवा लागते आणि ते आपल्या डोळ्यांसमोर निळं होतं. मग पुन्हा बुडी, पुन्हा हवा. पोरांना गिरणीत नेलं की ती हा रंग पाहून हरखून जात. मी त्यांना एवढंच विचारत असे की, मालकाने उद्या उत्पादन दुप्पट मागितलं तर यंत्राचा वेग वाढवाल का? निम्मे हात वर होत. मग कुणाच्या तरी लक्षात येई की वेग वाढवला तर सुताला हवा कमी लागेल, रंग आत मुरणार नाही. हवेला ओव्हरटाइम देता येत नाही. कुठल्याही कारखान्याचा वेग त्याच्या सर्वांत सावकाश टप्प्यावर ठरतो, हा धडा ओ. पी. खन्नांच्या जाडजूड पुस्तकापेक्षा तिथे लवकर पटतो.

दुसरी प्रयोगशाळा कापूस खरेदी केंद्राची. एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासूनची. त्या वर्षांत ती शेवटच्या घटका मोजत होती. दिवाळीनंतर केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग लागे, शेतकरी गाडीखालीच रात्र काढत. आम्ही प्रतीक्षा-रांगेचं गणित फळ्यावर शिकवायचो. एका बॅचला ते रांगेत नेऊन शिकवायचं ठरवलं. पोरांनी गाडीगणिक वेळ टिपली: टोकनला किती, ग्रेडरपुढे किती, काट्यावर किती, खाली करायला किती. सगळ्यांचा कयास काट्यावर होता. आकडे मांडले तेव्हा काटा मधूनमधून रिकामाच निघाला. गाडा अडत होता ग्रेडरच्या खुर्चीशी. आर्णीकडचा एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, हे तं माह्या बापाले पयलेच मालूम आहे.’’ मी म्हटलं, बापाला माहीत आहे, पण बापाचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही, तू लिहिलंस. तो अहवाल केंद्रावर दिला. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि अहवाल कपाटात ठेवला.

ही पोरं ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशा दोन जातींत वाटलेली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने आलेली ही वाटणी २००२ च्या टीएमए पै निकालाने गेली. फी मागितली की ‘‘सर, चुकारा आला की भरतो’’ हे उत्तर ठरलेलं. चुकारा म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. ते हप्त्याहप्त्याने येत, तशी फीही. २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. यवतमाळचं नाव तोवर शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर गेलं होतं. त्याच वर्षी लोहाऱ्याची डेनिम गिरणी बेल्जियमच्या यूको कंपनीशी भागीदारीत गेली. कापूस पिकवणारा बुडत होता आणि त्याच जिल्ह्यात विणलेलं कापड परदेशी भागीदार मिळवत होतं. मधली साखळी कुठे तुटते, हा व्यवस्थापनाचाच प्रश्न होता. आमच्या वर्गात त्यावर भांडणं होत. हे सगळं अभ्यासक्रमाच्या कुठल्याच युनिटमध्ये बसत नव्हतं आणि तेव्हा त्याची पर्वाही कुणाला नव्हती.

त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब आता मांडतोच. २०१० च्या वेतन नियमांनी सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या पदांना पीएच.डी. सक्तीची केली. नियमात उद्योगातल्या अनुभवाची सोय कागदोपत्री होती. प्रत्यक्षात एका निवड समितीपुढे मी गिरणीचा दाखला ठेवला तेव्हा अध्यक्षांनी तो उलटवूनही पाहिला नाही. ‘‘हा अनुभव धरला जाणार नाही,’’ म्हणाले. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, गिरणी बाहेरूनच पाहिलेला उमेदवार त्या दिवशी माझा विभागप्रमुख झाला. त्याला दोष देत नाही. त्याने शर्यतीचे नियम वाचले होते.

मग निबंधांची लाट आली. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या. आयोगाने स्वतःच मान्य केलेल्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात वगळली. त्यांत छापून बढती घेतलेल्यांची बढती मात्र कुणी परत मागितली नाही. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि प्रत्येक विषयाची उद्दिष्टं पदवीच्या बारा फलितांशी जुळवायचे तक्ते सुरू झाले. चौकोनात १, २ किंवा ३ भरायचं. गिरणीत तक्ते भरून कंटाळलेला मी पुन्हा तक्त्यांतच येऊन पडलो. फरक एवढाच की तिथे निदान काहीतरी मोजून आकडा भरत असू.

२०१८ मध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण पंधरावरून वीसवर गेलं. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून उशिरा येते म्हणून पगार थकवणाऱ्या संस्थांना माणसं कमी करायला आयतं कारण मिळालं. सगळ्यांत आधी गेले ते आमच्यासारखे: पीएच.डी. नसलेले, पन्नाशीच्या पुढचे, कारखान्यातून आलेले. २०२३ मध्ये पवईच्या नीटीचं आयआयएम मुंबई झालं. १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने उभी राहिलेली ही संस्था. ‘इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग’ हे शब्द तिच्या नावातच होते. आमच्या शास्त्राला माहेर होतं ते एवढंच. पाटी बदलल्यावर पॅकेजं वाढली असतील. आमचा विषय तेवढा बेनाव झाला.

आता २०२४-२५ पासून कॉलेजांच्या जागांवरची कमाल मर्यादा उठली आहे. जिकडेतिकडे संगणकाच्या तुकड्या वाढतात, मेकॅनिकल आणि सिव्हिलचे वर्ग ओस पडतात. जिल्ह्यात मात्र वणी पट्ट्यात उकणी, घोन्सा अशा कोळसा खाणी चालू आहेत, मुकुटबनला २०२२ पासून मोठा सिमेंट कारखाना सुरू आहे, लोहाऱ्यात माग चालू आहेत. या सगळ्यांना पाळ्या लावणारी, साठा राखणारी, कुठे अडतं ते हुडकणारी माणसं लागतात. ती माणसं पुण्याहून येतात आणि दोन वर्षांत बदली मागून जातात. आमची पोरं पुण्याला जाऊन दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधतात.

पदवीच्या त्या बारा फलितांत अकरावं होतं प्रकल्प व्यवस्थापन आणि वित्त. तक्त्यात त्यापुढे सगळीकडे ३ भरलेला मी स्वतः पाहिला आहे. ज्या विषयातून ते यायचं, तो तेव्हा ऐच्छिक झाला होता आणि त्याला शिक्षक नव्हता. तपासणीला आलेल्या समितीने तो आकडा मान्य केला. खरेदी केंद्रावर पोरांना जे दोन दिवसांत सापडलं, ते इथे तपासायला कुणी बसलं तर अडचण कोणत्या खुर्चीशी आहे हे कळायला तेवढाही वेळ लागणार नाही.