आधी माप, मग भाडं

आमच्या माण तालुक्यात उन्हाळा तापला की गावोगावच्या पाझर तलावांत पोकलेन उतरतात. तळ उघडा पडलेला असतो आणि गाळ काढायला पावसाआधीचे दोन महिनेच हाती असतात. 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना सुरू झाली आणि या मशीनची ओढ आणखी वाढली. पहिली बकेट गाळात रुतते तेव्हा नारळ फुटतो, पोरंटोरं काठावर उभी राहतात. ते मशीन तलावापर्यंत आणून सोडणारी गाडी मात्र तोवर परतीच्या वाटेला लागलेली असते. तिचं नाव लोबेड ट्रेलर.

‘पोकलेन’ हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे ते यंत्राचंच नाव होऊन बसलं. वीस टनी पोकलेन लोखंडी चेनवर चालतं, तासाला जेमतेम पाच किलोमीटर. तलावात हा वेग पुरतो. पण साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी त्याला चालवत न्यायचं म्हटलं तर अख्खा दिवस जाईल, चेन आणि रोलर झिजतील आणि वाटेवरचा डांबरी रस्ता उखडेल. म्हणून हे यंत्र दुसऱ्याच्या पाठीवर बसून प्रवास करतं. ज्याच्याकडे पोकलेन असतं त्याच्याकडे ट्रेलर असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो भाड्यानेच मागवावा लागतो.

हे भाडं ठरवण्यात आम्ही पहिल्या वर्षी चुकलो. दोन ठिकाणी विचारलं आणि जो स्वस्त पडला त्याला होकार दिला. आला तो साधा, उंच पाटाचा ट्रेलर. पाट जमिनीपासून सुमारे दीड मीटर, त्यावर बूम दुमडून बसलेलं मशीन तीन मीटर. एकूण साडेचार. आणि गावच्या वेशीवरची स्वागत कमान सव्वाचार मीटरची. कमानीबाहेर मशीन उतरवावं लागलं. तिथून तलाव तीन किलोमीटर. नुकताच झालेला रस्ता वाचावा म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जुने टायर आणले. पोरं पुढे टायर टाकत होती, मशीन त्यावरून सरकत होतं, मागचे टायर उचलून पुन्हा पुढे. मे महिन्याचं ऊन, डांबर मऊ झालेलं. टायर जिथे सरकला तिथे चेनचे आडवे दात रस्त्यात उमटले. ते वळ आजही दिसतात. वाचवलेले पैसे त्या एका दिवसात गेले आणि रस्त्याचं नुकसान झालं ते वेगळंच.

कमानीखाली अडकलेलं अंतर वीतभर होतं. लोबेडची सगळी रचना हे वीतभर अंतर मिळवण्यासाठीच आहे. पुढे ओढणारी गाडी असते. तिला कुणी पुलर म्हणतं, धंद्यातली माणसं ‘घोडा’ म्हणतात. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी तबकडी असते, तिच्यात ट्रेलरचा किंगपिन अडकतो. किंगपिनपासून ट्रेलरची मान वरून येते आणि एकदम खाली उतरते. पुढचा पाट जमिनीपासून साधारण मीटरभर. मागे तीन अ‍ॅक्सल आणि शेवटी उघडझाप होणारे दोन रॅम्प. तेच तीन मीटरचं मशीन इथे बसलं की उंची चार मीटरच्या आसपास येते. कमानीखालून गाडी सहज जाते, गल्लीतल्या विजेच्या तारांपासूनही अंतर राहतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही लोबेडच्या मालकाला फोन केला. “नमस्कार भाऊ, पोकलेन आणायचंय,” एवढं म्हणताच तिकडून प्रश्न सुरू झाले. “किती टनी, साहेब? बकेट लावलेलीच येणार की काढून? रस्ता कुठून? वाटेत घाट आहे का, अरुंद पूल आहे का? गाडी वळवायला जागा आहे का?” शेवटी म्हणाले, “गावातली सगळ्यांत खालची तार मोजून सांगा, मग भाडं सांगतो.” मी टेप आणि बांबू घेऊन निघालो. भाड्याआधी माप विचारणाऱ्या माणसावर विसंबायला हरकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

भाड्याचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. लोबेडला परतीचा माल सहसा मिळत नाही, म्हणून रिकाम्या फेरीचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. मशीन चढवायला किंवा उतरवायला वेळ गेला, गाडी अडकून पडली, तर दिवसाचं हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचं भाडं लागतं. टोल कुणाचा, परवानगी कोण काढणार, चढवताना काही झालं तर जबाबदारी कुणाची, हे आधीच लिहून घ्यावं. गाडीचा विमा वेगळा आणि गाडीवरच्या मालाचा वेगळा. लाखो रुपयांचं यंत्र साखळ्यांच्या भरवशावर जात असताना ही चौकशी राहून जाता कामा नये.

खरं कसब दिसतं ते मशीन चढवताना. जागा सपाट हवी, जमीन टणक हवी. त्या वर्षी लोबेड घेऊन आलेल्या ड्रायव्हरमामांनी घोड्याचा ब्रेक लावला, चाकांना लाकडी गुटके दिले, पाटावरची माती झाडून घेतली. मातीवरून लोखंड घसरतं. ऑपरेटरने मशीन रॅम्पच्या सरळ रेषेत आणलं आणि अगदी सावकाश वर घेतलं. निम्मं मशीन वर आलं की एक क्षण असा येतो, जेव्हा चेनचा पुढचा भाग हवेत असतो आणि वीस टन वजन रॅम्पच्या कडेवर तोललेलं असतं. त्या क्षणी ऑपरेटरने बकेट हलकेच पाटावर टेकवली आणि तिच्या आधाराने मशीन अलगद आडवं झालं. मामा समोर उभे राहून नुसत्या बोटांनी खुणा करत होते. बाजूला कुणालाही उभं राहू दिलं नव्हतं.

पाटाच्या कडेला पिवळ्या रंगाचा एक पट्टा होता. चेन त्या पट्ट्याशी आली तेव्हाच मामांनी मूठ मिटली. मशीन त्यापुढे गेलं तर घोड्याच्या मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त वजन येतं. मागे राहिलं तर घोडा हलका होतो आणि चढावर त्याची चाकं जागच्या जागी फिरतात. मग बकेट खाली टेकवली, केबिनचं फिरणं लॉक केलं आणि चारही कोपऱ्यांना साखळ्या ताणल्या. मामांनी प्रत्येक साखळीवर पान्हा मारून आवाज ऐकला. एक साखळी बद्द वाजली, तिला आणखी दोन पीळ दिले. पंधरा किलोमीटरवर गाडी पुन्हा थांबवली आणि चारही साखळ्या पुन्हा वाजवून पाहिल्या, कारण हादऱ्यांनी मशीन बसतं आणि साखळी सैल पडते.

कायद्याच्या नजरेतही माप आधी येतं. रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंतच चालते. वीस टनी पोकलेन साधारण 2.8 मीटर रुंद असतं, म्हणजे ते पाटावर चढताक्षणी ‘ओडीसी’, मापाबाहेरचा माल ठरतं. त्याला परवानगी लागते, लाल झेंडे लागतात, रात्री लाल दिवे लागतात. वजनाचाही हिशेब आहे. तीन अ‍ॅक्सलच्या जोडावरची मर्यादा 2018 मध्ये 24 टनांवरून 27 टन झाली. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने जादा वजनाला 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार असा दंड आला. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत मोजताना साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, ओडीसीला 20 किलोमीटरमागे एक दिवस. हा माल किती जपून न्यावा लागतो, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

लोबेडचा मोठा भाऊ म्हणजे हायड्रॉलिक अ‍ॅक्सलचा ट्रेलर. त्याच्या एकेका अ‍ॅक्सलला आठ-आठ चाकं असतात. त्यांना तोलणारे तेलाचे दट्टे एकमेकांना जोडलेले असल्याने खड्डा आला तरी वजन सगळ्यांवर सारखं वाटलं जातं. मागची चाकंसुद्धा वळतात. मुंबईच्या भुयारी मेट्रोचे पहिले डबे 2022 मध्ये आंध्रातल्या श्रीसिटीहून रस्त्यानेच आले ते अशा बहुचाकी ट्रेलरवरून. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी महाराष्ट्रातून निघालेलं एक अजस्र ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवणारं यंत्र) जुलै 2019 मध्ये रस्त्याला लागलं आणि जुलै 2020 मध्ये पोहोचलं. गाडीला 74 चाकं, अंतर सुमारे 1,700 किलोमीटर, सोबत तीसेक माणसं. वाटेत रस्ते दुरुस्त केले, झाडं छाटली, तारा उतरवल्या, टाळेबंदीही सोसली. त्या माणसांचं एक वर्ष एका यंत्रामागे चालत गेलं.

आमचं मशीन चाळीस किलोमीटरच आलं. वेशीच्या कमानीखालून लोबेड गेला तेव्हा वर वीतभर जागा शिल्लक होती. तासाभरात मशीन तलावात उतरलं, मामांनी साखळ्या गोळा केल्या, चहा घेतला आणि गाडी वळवली.

ट्रेलर मागवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. फोन करण्याआधी चार आकडे कागदावर लिहा: मशीनचं वजन, रुंदी, उंची आणि वाटेवरच्या सगळ्यांत बुटक्या जागेची उंची. वजन खरं सांगा. दोन टन लपवले तर घाट उतरताना ते ड्रायव्हरच्या ब्रेकवर येतात. आणि घाटात लाल झेंड्याची गाडी समोर दिसली तर आपली गाडी कडेला घ्या, तिला पूर्ण वळण घेऊ द्या. तिला थांबायला आपल्यापेक्षा खूप जास्त जागा लागते.