ब्रेकर दाबू नका, त्याला काम करू द्या

बाथरूमची जुनी लादी किंवा कोबा फोडायला इलेक्ट्रिक ब्रेकर हाती घेतला की बहुतेक जण अंगाचा सगळा भार मशीनवर टाकतात. नेमकं तेच करू नये. ठोका आतला पिस्टन देतो; आपण छिन्नी जागेवर राहील इतकाच जोर द्यायचा. सुरुवात कडेपासून करा, दोन-तीन इंचांचा टवका काढत आत सरका. मधोमध छिन्नी खोल घुसवली की ती अडकते, मग ती उपसताना मनगट आणि मशीन दोन्हींचे हाल होतात.

तोडण्याआधी आत वायर किंवा पाण्याचा पाइप कुठून गेलाय ते बघाच, आणि त्या भागाची वीज बंद ठेवा. मशीनचं कनेक्शन ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच घ्या. गॉगल, कानाला इअरमफ, पायात सेफ्टी शूज हवेतच. मास्क मात्र एन-९५ किंवा त्याहून चांगला वापरा, रुमालाने भागत नाही. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचते आणि त्यातून होणारा आजार बरा होत नाही, म्हणून मी यावर अडून बसतो.

छिन्नी बसवण्याआधी तिची दांडी पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवा. मोटरमध्ये ठिणग्या वाढल्या किंवा मशीन अडखळू लागलं, तर प्लग काढून कार्बन ब्रश तपासा. बदलायचे तर जोडीनेच. छिन्नीला धार लावताना मधूनमधून पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, आता ती लवकर बोथट होणार.