वाशाचा बाक आणि तारापूरच्या नळ्या

माहीमच्या आमच्या जुन्या घरात माजघरावरच्या वाशाला बाक आलाय. त्याला वाकताना कोणी पाहिलं नाही. कौलांचं ओझं तेवढंच, पण आजोबांनी भिंतीवर कोळशाने केलेल्या खुणेपेक्षा तो आता चार बोटं खाली आहे. पदार्थांच्या अशा वाहण्या-वाकण्याच्या शास्त्राला रिऑलॉजी म्हणतात. मार्कस रायनर यांनी १९६४ मध्ये त्यातलं मर्म मांडलं: पदार्थ घन वाटतो की वाहता, हे आपण किती काळ बघतो त्यावरही ठरतं.

इथून उत्तरेला, तारापूरला हा प्रश्न धातूचा आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत इंधन उभं असतं. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवून उभारलेल्या, २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या आणि तिसऱ्या भट्टीत मात्र प्रत्येकी ३९२ आडव्या नळ्या आहेत. आत सुमारे ३०० अंश तापलेलं, दाबाखालचं जड पाणी, इंधनाचा भार आणि न्यूट्रॉनांचा मारा. वितळण्याच्या आसपासही नसलेला धातू वर्षानुवर्षं फुगतो, लांबतो, मध्ये झोल धरतो. याला क्रीप म्हणतात.

झोल आला तर बिघडलं कुठे? नळीभोवती दुसरी, थंड नळी असते. दोन्ही टेकल्या की धातूत मुरलेला हायड्रोजन त्या थंड जागी गोळा होतो आणि तिथे ठिसूळ फोड धरतो. कॅनडात पिकरिंगच्या अणुवीज केंद्रात ऑगस्ट १९८३ मध्ये अशीच एक नळी सुमारे दोन मीटर फाटली. दोन नळ्यांत अंतर राखणारी स्प्रिंग जागची सरकली होती. भट्टी सुरक्षित बंद झाली. पण त्याच मिश्रधातूच्या नळ्या आपल्या राजस्थानातही होत्या. तिथल्या दुसऱ्या भट्टीच्या सगळ्या, ३०६ नळ्या नव्वदच्या दशकात काढून नव्या बसवल्या. किरणोत्सारी गाभ्यातलं हे काम मला अणुवीज केंद्र उभारण्याइतकंच मोठं वाटतं, पण त्याचं कौतुक फारसं कोणी केलं नाही.

तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत पहिल्यापासूनच हायड्रोजन कमी मुरणारा झिर्कोनियम-नायोबियमचा मिश्रधातू आला. तरी क्रीप थांबत नाही. म्हणून भट्टी बंद असताना यंत्र आत पाठवून नळीचा बाक मोजतात. ते आकडे किनाऱ्यावरच्या गावांना सोप्या मराठीत मिळावेत, असं मला मनापासून वाटतं. आमच्या वाशाची नवी खूणही भिंतीवर आहे. घरात येणारा कोणीही ती पाहू शकतो.