पंचनाम्यात न येणारा रस्ता

अपघात म्हणजे दैवाचा घाला, अशी आपली परंपरागत समजूत असली, तरी केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याचा वार्षिक अहवाल जो कोणी सावकाश चाळील, त्याला हे दैव विलक्षण वक्तशीर आणि पक्षपाती आहे असेच म्हणावे लागेल. २०२२ साली देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, पैकी एकट्या महाराष्ट्रातील पंधरा हजारांवर. देशभरातील मृतांत जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरचे आणि सुमारे एक पंचमांश पादचारी. सर्वाधिक अपघात सायंकाळी सहा ते नऊ या प्रहरातले. राष्ट्रीय महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, आणि मृत्यूंतला त्यांचा वाटा मात्र छत्तीस टक्के!

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. महामार्ग गावाच्या मधून गेलेला असतो. शेत एका अंगाला, घर दुसऱ्या अंगाला. आणि वळणाची अधिकृत जागा दोन किलोमीटर पुढे असल्यामुळे, धाब्यासाठी कोणी फोडलेल्या दुभाजकातून, दिवेलागणीच्या अंधुक उजेडात, मागे बायको व पुढे मूल घेऊन माणूस दुचाकी आडवी घालतो. समोरून येणाऱ्याचा वेग दुप्पट असेल, तर आघाताची शक्ती चौपट होते. पुढे ठाण्यात फिर्याद दाखल होते ती ठरावीक शब्दांत: ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. चालकाने दुर्लक्षिलेली ती परिस्थिती काय होती, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. सरकारी तक्त्यात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती जमा होतात आणि फुटका दुभाजक निर्दोष सुटतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला व पादचाऱ्याला मज्जाव असल्याने तेथील मरणाचे स्वरूप निराळे: कडेला थांबलेल्या मालमोटारीत रात्री मागून मोटार घुसते. तेथे २०१६ साली १५१ माणसे गेली. पुढे उघड्या खांबांभोवती व कडांना संरक्षक कठडे बसवले, थांबलेली वाहने हटवण्याची व्यवस्था केली, आणि २०१९ सालापर्यंत ही संख्या शंभराच्या आत आली. बोरघाटाच्या उतारावर मात्र मालमोटार अजूनही न्यूट्रलमध्ये सोडली जाते, ब्रेक तापून निकामी होतात आणि ती पुढच्या गाडीवर आदळते. फिर्याद चालकावर होते. डिझेलचा हिशेब त्याला मालकाकडे द्यावयाचा असतो, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही.