केळकर संग्रहालय आणि पर्वती

पुण्यास येणारा प्रवासी बहुधा शनिवारवाडा पाहतो, पेठांतून हिंडतो आणि परततो. परंतु पूर्वीची माणसे घरात कोणत्या वस्तू वापरीत, हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्याने सुटीचा एक दिवस काढून राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य पाहावे.

या नावातील ‘राजा’ ही पदवी नव्हे. दिनकर गंगाधर केळकर यांच्या मुलाचे ते नाव. तो सातव्या वर्षीच वारला. केळकर ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहीत. इतिहासाची त्यांना विलक्षण ओढ होती. सुमारे १९२० पासून ते जुन्या वस्तू जमवू लागले. गावोगाव हिंडून, पदरचे पैसे खर्चून त्यांनी दिवे, कुलुपे, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे असा प्रचंड संग्रह केला आणि त्यास आपल्या लाडक्या मुलाचे नाव दिले. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात सुमारे २०,००० वस्तू आहेत.

येथील अडकित्तेच पाहा. अडकित्त्याच्या दोन दांड्या एका टोकाशी खिळीने जोडलेल्या असतात. सुपारी खिळीजवळ धरतात व दांड्या दुसऱ्या टोकाशी दाबतात. त्यामुळे थोड्या जोराने कठीण सुपारी फुटते. ही रचना कारागिरास बदलता येत नाही. परंतु दांड्यांना आकार कोणता द्यावा, हे मात्र त्याच्या कल्पनेवर अवलंबून असते. म्हणून कोठे त्याने मोर घडविला, तर कोठे घोडा. टाचा घासण्याच्या वज्रीसारखी साधी वस्तूही त्याने सुंदर केली. अशा वस्तूंपुढे घाईने पुढे सरकू नये. ती कशासाठी केली, हात कोठे धरीत असावा, वापरून कोणता भाग झिजला, हे निरखावे. म्हणजे ती वस्तू आपण होऊन बोलू लागते.

संग्रहालय पाहून झाल्यावर पर्वती चढावी. सुमारे शंभर पायऱ्या चढल्या की नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेले देवदेवेश्वराचे मंदिर लागते. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये नानासाहेबांचे निधन याच टेकडीवर झाले. येथून सारे शहर नजरेत येते. पायथ्याशी सारसबाग दिसते. तेथे पूर्वी तळे होते, म्हणूनच तेथील गणपतीस ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. आकाश निरभ्र असेल, तर नैर्ऋत्येस सिंहगडही दिसतो.

समोर पसरलेल्या या शहरातून मुठा नदी वाहते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि तिच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे कोसळले. घरांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली भांडीकुंडी, कागदपत्रे, देव्हारेही गेले. पुराने एका दिवसात जे नेले, ते एरवी माणसांच्या हातूनही हळूहळू नाहीसे होत असते. आजीची समई काळवंडली की ती अडगळीत पडते व एके दिवशी मोडीत निघते. तिच्याबरोबर ती घडविणाऱ्याचे कसबही विसरले जाते. केळकरांनी आयुष्यभर वाचविले ते हेच.