सलाईनची सुई कधी बदलावी?

आमच्या शेजारची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. परवा ती एक प्रश्न घेऊन आली. "काका, आमच्या वॉर्डात सलाईनची सुई दर तीन दिवसांनी काढून दुसऱ्या शिरेत घालतात, पहिली चांगली चालत असली तरी! काल एका आजींची शीरच सापडेना. चार वेळा टोचावे लागले. हा नियम खरोखर आवश्यक आहे का?"

मी भौतिकशास्त्र शिकवतो. रुग्णसेवेतले मला काय कळणार? पण उत्तर शोधायची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. ती आज आपण पाहू.

सुई म्हटले तरी शिरेत राहते ती एक बारीक, लवचीक नळी. ती जास्त दिवस राहिली, तर शीर सुजते, लाल होते, दुखते. याला शिरेचा दाह म्हणतात. क्वचित जंतू थेट रक्तात शिरतात, आणि ते मात्र जिवावर बेतू शकते. म्हणून ७२ ते ९६ तासांनी नळी बदलण्याची प्रथा अनेक रुग्णालयांत पडली.

प्रथम प्रश्न नीट मांडा

"सुई बदलावी का?" हा प्रश्न फार सैल आहे. त्याचे चार भाग करा. रुग्ण कोण? ज्यांना सलाईन चालू आहे असे प्रौढ रुग्ण. करायचे काय? त्रास दिसला तरच नळी बदलायची. तुलना कशाशी? ठरावीक दिवशी बदलण्याशी. आणि मोजायचे काय? शिरेचा दाह व रक्तातील जंतुसंसर्ग. असे चार भाग पाडले, की कोणते शब्द घेऊन शोधायचे ते आपोआप ठरते.

शोधायचे कोठे? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'पबमेड' ही सूची कोणालाही विनामूल्य पाहता येते. १९९३ साली सुरू झालेली 'कोक्रेन' ही संस्था एकाच प्रश्नावरचे अनेक प्रयोग गोळा करून, पारखून त्यांचा एकत्रित आढावा घेते. तेथे आपल्या प्रश्नावरही आढावा आहे.

मग पुरावा पारखा

या प्रश्नावरचा एक मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये झाला. क्लेअर रिकर्ड या परिचारिका-संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तीन रुग्णालयांतील ३,२८३ रुग्णांचे दोन गट केले. कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, केवळ योगायोगाने ठरले. असे का? समजा, परिचारिकांनीच गट पाडले असते, तर ज्यांच्या शिरा नाजूक त्यांना नकळत एकाच गटात घातले गेले असते. मग फरक नियमामुळे पडला की शिरांमुळे, हे कळले नसते.

निकाल पाहा. त्रास दिसल्यावरच नळी बदललेल्या १,५९३ रुग्णांपैकी ११४ जणांना दाह झाला. ठरावीक दिवशी बदललेल्या १,६९० पैकीही ११४ जणांनाच! शेकडेवारी काढा: ७.१६ आणि ६.७५. फरक ०.४१.

आता प्रयोगशाळेतला लंबक आठवा. त्याचा आवर्तकाल आपण '२.०१ अधिक-उणे ०.०२ सेकंद' असा लिहितो. नुसता आकडा पुरत नाही. त्यात चूक किती असू शकेल तेही सांगावे लागते. येथेही तसेच आहे. ०.४१ या फरकाची संभाव्य मर्यादा उणे १.३३ ते अधिक २.१५ अशी निघाली. आणि ३ पेक्षा कमी फरक असेल तर दोन्ही पद्धती सारख्या मानायच्या, हे संशोधकांनी आधीच ठरवून ठेवले होते. बाण मारल्यावर त्याभोवती वर्तुळ काढले, तर नेम नेहमीच अचूक ठरतो! येथे वर्तुळ आधी काढलेले होते.

प्रयोगाची एक उणीवही नोंदवली पाहिजे. कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे, हे परिचारिकांपासून लपवणे शक्य नव्हते.

पण थांबा

माझ्या शेजारणीला एवढ्यावरच आनंद झाला. मी म्हटले, "बाळ, दाहाचे उत्तर मिळाले. रक्तातील संसर्गाचे काय?" तो इतका विरळ, की तीन हजार रुग्णांत जेमतेम एखादा आढळणार. एकावरून तुलना करणार कशी? समुद्रातली मासळी बादलीभर पाण्यात सापडली नाही, म्हणून समुद्रात मासळीच नाही असे आपण म्हणत नाही.

स्वित्झर्लंडमधील जिनेव्हाच्या रुग्णालयांनी २०१८ साली 'त्रास दिसला तरच बदला' हा नियम स्वीकारला. त्यांच्या नोंदी २०२१ साली प्रसिद्ध झाल्या. पूर्वी २,४१,४३२ नळ्यांमागे ११ संसर्ग होते. नव्या नियमाच्या काळात १,३०,७७९ नळ्यांमागे ४६ झाले. म्हणजे सुमारे २२,००० नळ्यांत एक होता, तो २,८०० नळ्यांत एक झाला. २०१९ च्या ऑक्टोबरात जुना नियम परत आणल्यावर प्रमाण पुन्हा उतरले.

येथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या; आधीच्या व नंतरच्या काळाची तुलना होती. त्या काळात आणखीही काही बदलले असू शकेल. म्हणून हा पुरावा एका बाबतीत कच्चा, पण संख्येच्या बाबतीत फार भक्कम. पहिला प्रयोग रचनेत पक्का, पण विरळ घटनेसाठी लहान. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

मग आजींचे काय? नियम मोडणे हे शिकाऊ परिचारिकेचे काम नव्हे. पण सलाईनची गरज संपली असेल, तर नळी लगेच काढावी, हे दोन्ही पुराव्यांशी जुळते. नसलेल्या नळीतून संसर्ग होत नाही. आजींना सलाईन अजून हवे आहे का, हे ती आता रोज सकाळी डॉक्टरांना विचारते.

करून पाहा: एक नाणे दहा वेळा उडवा व छापे मोजा. असे पाच वेळा करा. मग शंभर-शंभर वेळा उडवून पाचदा मोजा. छाप्यांची शेकडेवारी कोणत्या वेळी जास्त हेलकावे खाते? उत्तर मिळाले, की मोठ्या प्रयोगाची किंमत तुम्हांला कोणी समजावून सांगायला नको.